पहाट नावाचा गुलाब

वॉल्टर व्हॅन फ्लीट पेशाने डॉक्टर. पण त्यांचा जीव रोपांत रमला, आणि डॉक्टरकी सोडून ते गुलाबांच्या संकराकडे वळले. अमेरिकेतल्या साध्या घराच्या अंगणात, फार कौतुक न करताही तग धरेल असा गुलाब त्यांना हवा होता. जपानकडच्या चिवट, जमिनीवर पसरणाऱ्या विचुराना गुलाबाचा त्यांनी 'साफ्रानो' या नाजूक टी गुलाबाशी संकर केला. त्यातून आलेलं रोप पुन्हा एका हायब्रीड टीशी जुळवलं. हाती आला तो फिकट गुलाबी वेली गुलाब. त्याला 'डेब्रेक', म्हणजे पहाट, म्हणावं असं त्यांच्या मनात होतं. पण १९१० मध्ये तो विकायला काढणाऱ्या पीटर हेंडरसन कंपनीने नाव ठेवलं 'डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट'.

हा गुलाब वाढायचा भरपूर, पण बहार वर्षातून एकदाच. पुढे त्याच्याच एका रोपात आपसूक बदल झाला आणि ते उन्हाळाभर फुलत राहिलं. बागवान अशा बदलाला 'स्पोर्ट' म्हणतात. न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकचे हेन्री बोसेनबर्ग यांनी तो हेरला. १९३० मध्ये हा गुलाब 'न्यू डॉन', म्हणजे नवी पहाट, या नावाने बाजारात आला. योगायोग असेल, पण डॉक्टरांची पहाट वीस वर्षांनी परतली, याचा मला फार आनंद वाटतो.

त्याच वर्षी अमेरिकेत वनस्पतींच्या पेटंटचा कायदा झाला. तोवर नवं वाण एकदा विकलं की संपलं; घेणारा त्याच्यावरून हवी तितकी कलमं करायला मोकळा. १८ ऑगस्ट १९३१ रोजी या कायद्याखालचं पहिलं पेटंट बोसेनबर्ग यांना 'न्यू डॉन'साठी मिळालं. त्यांची नजर पारखी होती, हे खरंच. पण मूळ गुलाब ज्यांनी घडवला ते व्हॅन फ्लीट १९२२ मध्येच गेले होते. असं संरक्षण त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. ही रुखरुख मला सोडत नाही.

गुलाब मात्र देखणा. कळी गुलाबी, फूल उमलतं तसा रंग विरत जातो आणि जुनं फूल जवळपास पांढरं होतं. एकाच झुपक्यात या सगळ्या छटा दिसतात. पानं चकचकीत, काटे आकडीसारखे वळलेले, फांदी तारेला बांधताना बाही अडकवणारे. 'अलोहा', 'पिंक पर्पेच्युए', 'बँट्री बे' हे नावाजलेले वेली गुलाब याच्याच वंशातले. १९९७ मध्ये जागतिक गुलाब महासंघाने 'न्यू डॉन'ला जगाच्या आवडत्या गुलाबांच्या मानाच्या यादीत घेतलं.

कलमांवरूनच वाढत आल्यामुळे आज जिथे जिथे 'न्यू डॉन' आहे, तिथे बोसेनबर्ग यांना सापडलेलंच रोप पुढे वाढतं आहे. क्वचित त्याच्यावर एखादा फुटवा असा येतो की, तो जोमाने वर चढतो, एकदाच भरभरून फुलतो आणि मग वर्षभर नुसता हिरवा राहतो. तो असतो जुना 'व्हॅन फ्लीट'.