भूत अंगातलं, मार अंगावर

गर्भगिरीच्या डोंगरात, आष्टी तालुक्यातल्या सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. लोक त्या ठिकाणाला मायंबा म्हणतात. तिथून जवळच, पण बीड जिल्ह्याची हद्द ओलांडून, पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांचं ठाणं आहे. या पट्ट्यातल्या माणसाला ‘बाहेरचं आहे’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. ताप उतरत नाही, सून घुमायला लागली, दुभतं जनावर अचानक आटलं, की आधी अंगारा येतो, मग उतारा निघतो, मग कुणीतरी देवऋष्याचं नाव सुचवतं. घरोघरी वाचला जाणारा मालू कवीचा ‘नवनाथ भक्तिसार’ शके 1741, म्हणजे 1819 चा. त्याचे अध्याय 40. त्यात मच्छिंद्रनाथ साबरी विद्येचे मंत्र सिद्ध करण्यासाठी देवांना आणि वीरांना वश करून घेतात, मंत्राला धावून येण्याचं वचन त्यांच्याकडून मिळवतात.

हे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलं आहे, त्याने प्राचीन ज्यू आणि आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचे दुष्टात्म्यांविषयीचे ग्रंथ उघडावेत. त्याला ते परके वाटणार नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक भाषेत रचलेल्या ‘टेस्टामेंट ऑफ सॉलोमन’मध्ये मीखाएल हा देवदूत शलमोन राजाला एक अंगठी आणून देतो. अंगठीच्या बळावर राजा एकेका दुष्टात्म्याला समोर उभं करतो. तुझं नाव काय, तू माणसाला कोणती पीडा देतोस, कोणत्या देवदूतापुढे तुझं काही चालत नाही, असे प्रश्न विचारतो आणि शेवटी त्यातल्या अनेकांना यरुशलेमच्या मंदिराच्या बांधकामावर राबायला लावतो. नाव कळलं की ताबा मिळाला, ही समजूत त्या काळच्या मंत्रविद्येचा पाया होती.

ही पिशाच्चं आली कुठून? ख्रिस्तपूर्व काळातल्या हनोखाच्या पुस्तकात उत्तर आहे. 200 देवदूत स्वर्ग सोडून खाली उतरले, त्यांनी माणसांच्या मुलींशी संसार थाटले. बायकांना मुळ्या आणि मंत्र शिकवले, पुरुषांना तलवारी घडवायला. त्यांच्या पोटी जन्मलेले राक्षस मेले, पण त्यांचे आत्मे पृथ्वीवर भटकत राहिले. म्हणजे त्या कथेत औषधी मुळी, जादू आणि शस्त्र हे सगळं एकाच पापातून जगात आलं.

ग्रंथांपेक्षा मला त्या काळच्या सामान्य माणसांच्या घरातली वस्तू जास्त बोलकी वाटते. आजच्या इराकमध्ये निप्पूर इथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1888 नंतर उत्खनन केलं, तेव्हा मातीचे साधे वाडगे सापडले. आतल्या बाजूला शाईने अरामी भाषेतला मजकूर गोल गोल फिरत गेलेला. जेम्स माँटगोमेरी यांनी 1913 मध्ये ते वाचून प्रसिद्ध केले. त्यानंतर असे शेकडो वाडगे उजेडात आले. बहुतेक पाचव्या ते आठव्या शतकातले. ते उंबरठ्याखाली आणि घराच्या कोपऱ्यांत पालथे पुरलेले असत, पिशाच्च खाली कोंडलं जावं म्हणून. घरातल्या माणसांची नावं वडिलांच्या नावाने येत नाहीत, आईच्या नावाने येतात. अमकीचा मुलगा अमका, अमकीची मुलगी अमकी. मागणं काय? मूल दगावू नये, गर्भ टिकावा, ताप जावा. यातला एक प्रकार तर विलक्षण आहे. लिलिथ ही बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला छळणारी स्त्रीपिशाच्च. तिला वाडग्यावर चक्क ज्यू कायद्यानुसार काडीमोडाची चिठ्ठी लिहून दिलेली असते आणि त्यासाठी येहोशुआ बेन पेराह्या या जुन्या धर्मगुरूच्या अधिकाराचा हवाला असतो. या घराशी तुझा संबंध तुटला, आता परत येऊ नकोस. सगळा राग पिशाच्चावर आहे. आजारी बाईच्या अंगाला कुणी बोटही लावत नाही.

माझं सगळं लक्ष इथे अडकतं. अदृश्यावर विश्वास असणं वेगळं आणि त्या विश्वासापायी समोरच्या माणसाच्या देहाचं काय करायचं हे वेगळं. जुने ग्रंथ दोन्ही बाजूंची साक्ष देतात.

मार्कच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, गरसेकरांच्या मुलखातला एक माणूस थडग्यांमध्ये राहतो. गावाने त्याला बेड्या आणि साखळदंड घातले, त्याने ते तोडले. तो रात्रंदिवस ओरडतो, दगडांनी स्वतःचं अंग ठेचून घेतो. येशू त्याला नाव विचारतो. ‘सैन्य’ असं उत्तर येतं. शब्दानेच बाधा जाते, सुमारे 2,000 डुकरं समुद्रात बुडतात, आणि गावकरी येऊन पाहतात तर तो कपडे घालून शुद्धीवर बसलेला. या कथेत साखळदंड गावाने घातले आहेत, बरं करणाऱ्याने नाही. हा तपशील चमत्काराच्या चर्चेत हरवतो.

दुसरी बाजू भीषण आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात चेटकीण जिवंत ठेवू नये असा हुकूम आहे. मिश्ना या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात, शिमोन बेन शेताह याने अश्कलोन इथे 80 बायकांना फासावर लटकवल्याची नोंद आहे. त्याच परंपरेतला यरुशलेमी तालमूद हा ग्रंथ त्या चेटकिणी होत्या असं सांगतो. पुढे युरोपात बायकांना मारताना निर्गममधल्या त्याच ओळीचा आधार घेतला गेला.

देवदूत-पिशाच्चांची ही परंपरा मराठीतही आलेली आहे, दूरची नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. देवदूतांचं पतन त्यात ओवीत येतं. त्याच ओवी छंदात अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला होता. आणि कोकणातले बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, ते आजही नवस फेडताना, लग्नकार्यात एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं स्मरण करून मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरं, फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू प्रकटला होता अशी त्यांची श्रद्धा आहे. दर्ग्यातला मलिदा आपल्याकडे सगळ्यांनी खाल्लेला असतो. जुन्या ज्यू ताइतांवर हाच एलियाहू वाटेत लिलिथला अडवतो आणि तिची सगळी नावं तिच्याकडून वदवून घेतो. अलिबागच्या ताटात मात्र भीती नाही, आभार आहेत. श्रद्धेचं हे रूप मला मनापासून आवडतं.

बांधण्या-मारण्याच्या दुसऱ्या रूपाला मात्र महाराष्ट्रात आता कायद्याने बंदी आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, केसांनी छताला टांगणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5,000 ते 50,000 रुपये. पूजा, वारी, कीर्तन, नवस यांना कायदा हात लावत नाही. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणंही गुन्ह्यातच येतं.

मायंब्याला जा, नारळ वाहा, पोथीचं पारायण करा. पण घरात कुणी घुमत असेल, रात्र रात्र झोपत नसेल, स्वतःशी बोलत असेल, तर त्याला बांधू नका, मारू देऊ नका. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. हा नंबर घरातल्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा.