पेटीतून उमटलेलं ‘मानापमान’

हातकणंगले तालुक्यातल्या इचलकरंजीचं नाव गवई बाळकृष्णबुवांच्या ख्यालाशी कायमचं जोडलं गेलं. शेजारच्या कोल्हापूरने रंगभूमीला संगीतकार दिला, तो म्हणजे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५).

आधी त्यांची ख्याती हार्मोनियमवादक म्हणून. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाला साथ करताना कान तयार झाला, आणि तोच कान १९११ मध्ये नाटककार खाडिलकरांच्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाला लाभला. तोवर नाट्यपदांवर साकी, दिंडी आणि कीर्तनी चालींची छाप मोठी होती. टेंब्यांनी ख्याल आणि पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा नाटकात आणला. त्यामुळे नटाला पद नुसतं म्हणण्याऐवजी रंगवायला जागा मिळाली. त्या चाली आजही मैफलीत गायल्या जातात, यापरता मोठा पुरावा कोणता?

१९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस या नटांसह ते गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांत होते.

‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात तर संगीत त्यांचं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच! शिवाय त्यांनी गवई अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र लिहिलं. चाल बांधणाऱ्याने गवयाची थोरवी इतक्या आस्थेने शब्दांत मांडावी, हे दुर्मीळच.