लढाऊ विमानाचे कॉम्पोझिट काम : दहावीनंतरची वाट

नृसिंहवाडीला पुराच्या दिवसांत येणारी फायबरची बोट आपण पाहिली आहे. काचेच्या तंतूंचे कापड व त्याला धरून ठेवणारे रेझिन यांची ती एकजीव जोडणी होय. अशा वस्तूस कॉम्पोझिट, म्हणजे संमिश्र पदार्थ म्हणतात. लढाऊ विमानात मुख्यतः कार्बनचे तंतू वापरतात. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या ‘तेजस’च्या सांगाड्याचा वजनाने सुमारे ४५ टक्के भाग असा आहे.

हे भाग घडविणारा व दुरुस्त करणारा तो कॉम्पोझिट तंत्रज्ञ. रेझिन भिनवलेले कापड उणे १८ अंशांच्या शीतगृहात ठेवतात; ते किती तास बाहेर राहिले याची नोंद करावी लागते. मग स्वच्छ खोलीत ठरलेल्या कोनांत थरावर थर रचतात, वरून पिशवी लावून हवा काढतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबभट्टीत सुमारे १८० अंशांवर पक्के करतात. शेवटी अल्ट्रासॉनिक तपासणी होते.

या कामात हातकौशल्याइतकीच सचोटी लागते. हातातून पाना निसटला तर पत्र्याला पोचा येतो. कार्बनच्या भागावर वरून काही न दिसताही आतले थर सुटलेले असू शकतात. ‘पाना माझ्या हातून पडला’ असे त्याच वेळी सांगणारा कामगार वैमानिकाचा जीव वाचवितो.

आता शिक्षणाविषयी. पहिली वाट आयटीआयची. दहावीनंतर दोन वर्षांचा फिटर ट्रेड करावा व नंतर शिकाऊ उमेदवारी. ओझर (नाशिक) येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला. तेथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. हा कारखाना आयटीआय उत्तीर्णांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतो. विद्यावेतन मिळते, प्रमाणपत्र मिळते. कायम नोकरीची मात्र हमी नसते. कॉम्पोझिटचे खास काम पुढे कारखान्यातच शिकावे लागते.

दुसरी वाट पदविकेची : दहावीनंतर तीन वर्षे मेकॅनिकल, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ‘सिपेट’ संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञान. तिसरी हवाई दलाची. गणित, भौतिकशास्त्र व इंग्रजीसह बारावीत ५० टक्के गुण, इंग्रजीतही ५० टक्के असल्यास अग्निवीर वायू परीक्षेस बसता येते. सेवा चार वर्षांची असून त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. कोणते काम मिळेल हे दल ठरविते.

पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९७३ साली अनुसूचित जातींसाठी राखीव जागांची तरतूद झाली आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. तरी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला वेळीच काढून ठेवावा. आयटीआयलाही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते.

दुसरे, ‘विमान कारखान्यात हमखास नोकरी’ म्हणून मोठी फी मागणाऱ्या जाहिरातींना भुलून शेत गहाण टाकू नये. शिकाऊ उमेदवारीची नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. आधी तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन चौकशी करावी. आपल्या मुलामुलींच्या हाताने रचलेला थर उद्या आकाशात जावो, हीच सदिच्छा.