सुईवर नाणे नको

आमच्या घरातल्या एका तबकडीवर भीमसेन जोशी एका जागी अडकत. तबकडी अभंगांची. त्यातला नामदेवांचा अभंग, चाल राम फाटकांची. त्यात विठ्ठलाचे नाव इतक्या वेळा येते, की सुई अडकली आहे की गायक रंगला आहे, हे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कळतच नसे. मग स्वयंपाकघरातून आईची हाक येई, "अहो, अडकली!" अण्णा वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठत आणि करंगळीने सुई हलकेच पुढे सारत. आमचा रविवार या हाकेवाचून कधी उजाडला नाही.

नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले, कयाधूच्या काठचे. आईचे माहेरही त्याच बाजूचे. त्यामुळे या अभंगावर आपला हक्क जरा जास्त आहे, असे तिला वाटत आले आहे. अण्णा २००९ साली गेले आणि तो रेकॉर्ड प्लेयर माळ्यावर गेला. गेल्या वर्षी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आई एकदा सहज म्हणाली, "ते मशीन एकदा लागतं का बघ की रे. माझे कान आहेत तोवर."

अशा वाक्यानंतर माणूस माळ्यावर चढतोच.

यंत्र गॅरार्ड या इंग्लिश कंपनीचे. शिक्षकाच्या पगारात नवे कुठून येणार? अण्णांनी १९७६ साली नांदेडहून जुनेच आणले होते. माळ्यावरून उतरवले तेव्हा थाळी जेमतेम फिरत होती आणि सुई अभंगाऐवजी पाऊस पाडत होती. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, नवीनच घेऊन टाका." चौकशी केली. बरे म्हणावे असे नवे यंत्र माझ्या निवृत्तिवेतनाच्या बेताबाहेर होते. बेतातले होते ते सूटकेसच्या आकाराचे, दिसायला गोंडस. पण अशा अनेक स्वस्त यंत्रांत सुईचा भार जास्त असतो आणि तो तबकडीला सोसत नाही. मी वहीत लिहिले : मर्यादा आठ हजार रुपये. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला आकडा लिहिल्याशिवाय विचार करता येत नाही.

आणि बँकेतलीच एक गोष्ट आठवली. वसमतकडचा एक हळद लावणारा शेतकरी नव्या मोटारीसाठी कर्ज मागायला आला होता. विहिरीवर जाऊन पाहिले, तर मोटार ठणठणीत. गळत होता तो पाण्यातला फूटव्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. काही रुपयांच्या दुरुस्तीने पाणी चढले आणि कर्ज वाचले. जिथे पाणी आत येते ती जागा आधी तपासावी, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. रेकॉर्ड प्लेयरमध्ये ती जागा म्हणजे सुईचे टोक.

गावातल्या जुन्या रेडिओ मिस्त्रींकडे यंत्र नेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावून सुई पाहिली आणि म्हणाले, "साहेब, ही पिन नाही, हा खिळा आहे."

ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. तबकडीवरची चर केसासारखी बारीक असते आणि एका बाजूची चर उलगडली तर चारशे मीटरहून लांब भरेल. एवढी वाट सुईचे टोक घासत जाते. हिऱ्याची सुईदेखील साधारण पाचशे ते हजार तास टिकते. नीलमण्याची त्याहून फारच कमी. झिजलेल्या टोकाला धार येते आणि मग ते चर वाचत नाही, खरवडते. आमची सुई बदलल्याचे कोणालाच आठवत नव्हते. शिवाय ती ज्या कार्ट्रिजमध्ये बसते, त्यातले रबर वयाने दगड झाले होते. ते लवचीक नसले, की लहानशा ओरखड्यावरही सुई अडखळते.

तेव्हा पहिला खर्च नव्या कार्ट्रिजचा, सुमारे चोवीसशे रुपये. यातही मोह असतो. दीड ग्रॅम भारावर चालणारी नाजूक, महागडी कार्ट्रिजे मिळतात. पण जुन्या यंत्राचा हात जड असतो, त्याला ती मानवत नाहीत. बैलगाडीला शर्यतीचा घोडा जुंपण्यासारखे ते. चाचांनी तीन-साडेतीन ग्रॅमवर चालणारे साधे, दणकट कार्ट्रिज सुचवले. स्क्रूंमधले अंतर अर्ध्या इंचाचे, म्हणजे सर्वमान्य मापाचे असल्याने ते जुन्या हातावर बिनतक्रार बसले.

दुसरा खर्च एका छोट्या डबीचा, बावीसशे. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजमधून येणारा विद्युत्दाब बराच मोठा असतो. नव्या चुंबकीय कार्ट्रिजमधून काही मिलिव्होल्टच मिळतात, म्हणून आधी प्रीॲम्प्लिफायर लागतो. तो आणखी एक काम करतो. तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि टिपेचे उचललेले असतात; १९५४च्या सुमारास रूढ झालेल्या प्रमाणानुसार ही डबी ते पुन्हा जागेवर आणते. पुढे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर म्हणून मुलाची जुनी म्युझिक सिस्टिम होतीच. तिथे खर्च शून्य.

तिसरा खर्च मजुरीचा, बाराशे. मोटार आणि थाळी यांच्यामधले रबरी चाक चाचांनी साफ करून हलकेच घासले, वाळून डिंक झालेले ग्रीस काढले, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. वेग तपासायला १८० रेघांचा कागदी चकतीचा नमुना थाळीवर ठेवला. पन्नास हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या दिव्याखाली वेग बरोबर ३३⅓ असेल तर त्या रेघा स्थिर दिसतात. आमच्या घरातल्या एलईडी दिव्यांखाली काहीच दिसेना. शेवटी गोठ्यातली चोकवाली जुनी ट्यूब कामी आली.

उरलेले खर्च किरकोळ. खिशात मावणारा, सोने तोलण्यासारखा काटा चारशेला. नव्या तारा तीनशेच्या. त्यातलीच एक अर्थिंगची, ती जोडल्यावर स्पीकरमधली घरघर थांबली. यंत्राखाली कडप्प्याचा तुकडा दीडशेचा, गवंड्याकडून मागून आणलेल्या पाणसळीने समपातळीत बसवलेला. तबकड्या धुण्याचे सामान तीनशेचे. बॅटरीच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि पुसायचे ते चरीच्या दिशेने, मधले लेबल कोरडे ठेवून. मात्र ७८ वेगाच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नये, लाख विरघळते. त्यांची चरही रुंद असते, तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. बेरीज सहा हजार नऊशे पन्नास. शिल्लक एक हजार पन्नास. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारा विकू पाहणाऱ्याला मी नमस्कार केला.

काट्यावर मात्र एक जुने खाते उघडले. नवे कार्ट्रिज लावण्याआधी जुन्या सुईचा भार मोजला. आठ ग्रॅम. मला घाम फुटला, कारण कॉलेजात असताना, सुई अडकू नये म्हणून मी त्या हातावर चार आण्याचे नाणे चिकटवले होते. अडीच ग्रॅमचे. म्हणजे साडेदहा ग्रॅम! सुई अडकायची थांबली आणि मी शास्त्रज्ञ झाल्याच्या थाटात वावरलो. महिनाभराने अण्णांच्या ते लक्षात आले. त्यांनी नाणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "नाणं देवापुढं ठेवायचं, सुईवर नाही." दुसऱ्या रविवारपासून अभंग पुन्हा अडकू लागला. अण्णांनी अडकणे पत्करले. तबकडी झिजवणे पत्करले नाही. यंत्रातले मला तेव्हा जास्त कळत होते असे मला वाटे. कळत त्यांना होते.

त्या महिन्याभरात मी जी तबकडी सर्वांत जास्त वाजवली, तिच्यावर आज नवी सुई ठेवली तरी खरखर येते. सुई बदलता येते, चाक घासता येते, वेग सुधारतो. चरीतून खरवडून गेलेला सूर मात्र कोणताही मिस्त्री परत आणू शकत नाही. म्हणून कमी पैशांत जुने यंत्र सुधारणाऱ्याने पहिला रुपया तबकडीला जे टेकते त्यावर घालावा. यंत्र दुसरे मिळेल. तबकडी मिळेलच असे नाही.

रविवारी सकाळी आईला खुर्चीवर बसवले आणि अभंग लावला. आधी ती बोटांनी ताल धरून होती. ती ओळखीची जागा जवळ आली तशी बोटे थांबली. मान स्वयंपाकघरातून वळायची तशीच वळली, ओठ उघडले. अभंग पुढे निघून गेला.

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "गेली की रे पुढं. आता 'अहो' म्हणायचं कामच राहिलं नाही."

मी यंत्र बंद करायला उठलो, तर तिने हाताने खूण केली.

"बंद कशाला करतोस? दुसरी बाजू लाव."