पाणी जातंय कुठं?

सकाळी ७.३० : उद्यमनगरातलं शटर वर करून थेट कालच्या गाडीपाशी जातो. किल्ली लावत नाही. हे दुखणं गार इंजिनातच सापडतं, तापलं की लपतं. मालक गडहिंग्लजचे शिक्षक. सकाळी गाडी मिनिटभर मिसिंग मारते, मग सुरळीत चालते. कुलंट दर आठवड्याला कमी होतं, पण खाली थेंब नाही. आधीच्या गॅरेजात चारही प्लग आणि कॉइल बदलून झाल्यात. दोन तक्रारी वेगळ्या धरल्या की असा खर्च होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

काल स्कॅनरवर पी०३०२ आला, म्हणजे दुसरा सिलिंडर. त्याची कॉइल तिसऱ्यावर टाकली, तरी कोड दुसऱ्याचाच. कॉइल निर्दोष सुटली. रात्री जाताना रेडिएटरला हातपंपाने एक बार दाब भरून ठेवला होता. आता काटा ०.६ वर आहे. होज कोरडे, वॉटर पंप कोरडा, आत पायाखालचं कार्पेटही कोरडं. मग पाणी इंजिनातच जातंय.

८.१५ : चारही प्लग काढले. तिघांची टोकं तपकिरी, दुसऱ्याचं पांढरंस्वच्छ. प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला. बाकी पिस्टनवर काळा कार्बन, दुसऱ्याचा माथा एका बाजूने चकचकीत, आणि कडेला फिकट हिरवा थेंब. प्लग काढल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही, हे पोराला पुन्हा बजावतो. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग त्याने किल्ली फिरवली, तसा दुसऱ्या भोकातून बारीक तुषार उडाला. गोडसर वास आला.

९.३० : कॉम्प्रेशन तिघांचं बाराच्या आसपास, दुसऱ्याचं नऊ. त्यात हवा सोडली तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, म्हणजे बेअरिंग वाचली. फोन लावला.

"सर, हेड गॅस्केट गेलंय. हेड उघडायला लागतंय."

"नुसतं कुलंट भरून चालवली तर?"

"नको सर. घाटात इंजिन तापलं की हेडच वाकणार."

थोडं थांबून म्हणाले, "उघडा."

दुपारी १२ : हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे ढिले केले.

२.०० : गॅस्केटवर दुसऱ्या सिलिंडरची कडी आणि पाण्याचं भोक यांच्यामध्ये काळी रेघ गेलेली. हेडवर सरळपट्टी ठेवून खाली फीलर सरकवला. ०.०५ मिलिमीटरची पाती अडायला हवी होती, इथे ०.१० चीही सरकते. हेड टेम्पोत घालून चिरेच्या तपासणीला आणि फेसिंगला पाठवलं.

४.०० : गॅस्केट उगाच जात नाही. इंजिन का तापलं, ते शोधलं नाही तर नवंही जाईल. थर्मोस्टॅटवर ८२ अंश कोरलंय. पातेल्यात पाणी उकळत ठेवून तो सोडला, थर्मामीटर धरला. ९० ला बंदच, ९५ ला जेमतेम फट. वर पांढरा थर. सरांना विचारलं, तर टाकीत घरच्या बोअरचं पाणी घालत होते. त्यांचा दोष नाही. निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

६.३० : लेथवाल्याचा फोन आला. हेडला चीर नाही, फेसिंग उद्या दुपारी मिळेल. सरांना कळवलं. खर्चाच्या यादीत नवा थर्मोस्टॅट धरला, आणि नवे बोल्टही. या इंजिनाचे बोल्ट शेवटी कोनात आवळायचे असतात, एकदा ताणले गेले की मी ते परत वापरत नाही.