रस्त्याच्या अलीकडे लिलाव, पलीकडे बंगले

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. सोसायटीचे कर्ज काढून, बायकोच्या अंगावरचे मोडून ज्याने दोन खोल्या उभ्या केल्या, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. पण घर एकदा उभे राहिले म्हणजे ते आपलेच राहील, असे नसते. घराची किंमत, त्याची घरपट्टी आणि त्यावर येणारी जप्ती, या तिन्ही गोष्टी विटा-सिमेंटपेक्षा हद्दीवर अधिक अवलंबून असतात. घर कोणत्या हद्दीत आहे आणि तिथे कोण राहतात, हे पाहिले जाते. अमेरिकेतील डेट्रॉइट शहर आणि त्याला खेटून असलेली उपनगरे हे याचे ढळढळीत उदाहरण आहे. आमच्या कुटुंबांनी ते समजून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

नकाशावरचा लाल रंग

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. दक्षिणेकडच्या शेतांतून हजारो कृष्णवर्णीय मजूर इथल्या कारखान्यांत आले. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. कामगार म्हणून हे लोक हवे होते, पण शेजारी म्हणून नको होते.

१९३३ साली अमेरिकन सरकारने घरकर्जासाठी एक महामंडळ काढले. त्याने शहरांचे नकाशे रंगवून घेतले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोक्याच्या’ ठरवल्या. १९३४ पासून सरकार घरकर्जांना विमासंरक्षण देऊ लागले, पण या वस्त्या आणि त्यांच्या आसपासची जागा त्यातून वगळली गेली. १९४१ साली शहराच्या उत्तर टोकाला, ‘आठ मैल’ नावाच्या रस्त्याजवळ, एका बिल्डरला केवळ गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती, म्हणून सरकारी संरक्षण मिळेना. तेव्हा त्याने मधे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत घातली आणि त्याचे काम झाले. ती भिंत आजही उभी आहे. गावकूस म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पूर्वेकडच्या ग्रोस पॉइंट या श्रीमंत उपनगरात तर घर घेणाऱ्याला गुण दिले जात. त्याची कातडी किती सावळी, उच्चार कसा, रीतभात कशी याची गुप्त चौकशी होई. कृष्णवर्णीय आणि आशियाई यांना या परीक्षेला बसण्याचीही मुभा नव्हती. हा प्रकार १९६० साली उघडकीस आला. घराच्या व्यवहारात वर्णभेद करण्यास देशभर बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला. तोपर्यंत पुष्कळ गोऱ्यांनी उपनगरे गाठली होती आणि कारखानेही बाहेर पडू लागले होते. २०१० साली शहरात जेमतेम सात लाख माणसे उरली. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होती.

घरपट्टीचे गणित

मिशिगन राज्यात घरपट्टीसाठी घराचे मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक धरता येत नाही. त्या मूल्यावर हजारी किती डॉलर घ्यायचे, हा दर गावागावाचा वेगळा असतो. डेट्रॉइटमध्ये तो हजारी साठाहून जास्त आहे. उत्तरेकडच्या बर्मिंगहॅमसारख्या सधन उपनगरात तो चाळीसच्या आसपास असतो.

सोयीसाठी दोन घरे धरू. शहरातले घर पन्नास हजार डॉलरचे. निम्मे मूल्य पंचवीस हजार, दर हजारी ६५, म्हणजे पट्टी १,६२५ डॉलर. उपनगरातले घर चार लाखांचे. निम्मे मूल्य दोन लाख, दर हजारी ४०, म्हणजे पट्टी ८,००० डॉलर. घराची किंमत आठपट, पण पट्टी पाचपटही नाही. तरीही दर घरामागे उपनगराच्या तिजोरीत जास्त पैसा पडतो. त्यातून रस्ते, दिवे, पोलीस, वाचनालये चांगली राहतात आणि घरांची किंमत आणखी चढते. गरिबांच्या गावाला मात्र किंमत कमी म्हणून दर चढवावा लागतो. दर चढला की गिऱ्हाईक फिरकत नाही आणि किंमत आणखी उतरते. ज्याला कमी मिळते, त्याच्याच मानेवर जड जू.

आठ डॉलरांसाठी घर

२००८ च्या मंदीत डेट्रॉइटमधल्या घरांच्या किमती कोसळल्या. महापालिकेच्या वहीत मात्र जुनेच भाव राहिले. २०१० ते २०१६ या काळात घरमालकांकडून किमान साठ कोटी डॉलर जादा वसूल झाल्याचे एका वृत्तपत्राने २०२० साली हिशेब मांडून दाखवले. सर्वांत स्वस्त घरांची आकारणी सर्वांत जास्त फुगवलेली होती, हेही अभ्यासकांनी सिद्ध केले.

१९९९ च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे पट्टी थकली की घर सरकारजमा होते आणि लिलावात निघते. थकबाकीवर वर्षाला १८ टक्के व्याज चढते. २०११ ते २०१५ या पाच वर्षांत शहरातील चारांतील एक मालमत्ता अशी गेली. त्यांतील कित्येक गरीब कुटुंबांना कायद्याने पट्टी माफ होती, पण त्यासाठी दरवर्षी अर्ज करावा लागतो हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. २०१६ साली त्यांनी कोर्टाची पायरी चढली आणि २०१८ साली समझोता होऊन काहींची घरे वाचली.

‘आठ मैल’ रस्त्यापलीकडच्या साउथफील्ड गावात एका मालकाची २०११ सालची बाकी होती अवघी ८ डॉलर ४१ सेंट. व्याज, दंड आणि खर्च धरून ती २८५ डॉलरच्या वर गेली. घर २४,५०० डॉलरला विकले गेले आणि सारी रक्कम प्रशासनाने ठेवून घेतली. ही वरकड रक्कम मालकाचीच आहे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. २०२३ साली, मिनेसोटा राज्यातील ९४ वर्षांच्या एका आजीच्या खटल्यात, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने हेच तत्त्व मान्य केले.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडेही हद्द बदलली की पट्टी बदलते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे. ती हद्द ओलांडली की पालिका दुसरी आणि नियमही दुसरे. म्हणून घर घेण्यापूर्वी तिथली आकारणी कशी होते आणि मागची बाकी किती, हे पालिकेत जाऊन विचारावे. पट्टीचे बिल आले की घराचे क्षेत्रफळ ताडून पाहावे. चूक दिसली तर लेखी हरकत घ्यावी आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.

बँकेचे कर्ज थकले तरी हातपाय गाळू नयेत. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यावर हरकत घेतली तर १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. लिलावात बँकेचे येणे आणि खर्च फिटून जे उरेल, ते हक्कदाराला परत मिळते.

डेट्रॉइटमधली पुष्कळ घरे हक्काचा अर्ज न केल्यानेही गेली. आपल्या घरात शिकलेला मुलगा आहे, मुलगी आहे. आलेला प्रत्येक सरकारी कागद त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि शेजारच्या म्हातारीचाही वाचून द्यावा.