फळांचा रुसवा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊबिजेला माझा धाकटा भाऊ सासवडहून सीताफळांची करंडी घेऊन आला. आमच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने लावलेल्या झाडांची ती फळे! "दोन-तीन दिवसांत पिकतील, ताई," असे सांगून तो गेला. घरात फराळाच्या डब्यांची दाटी. मी करंडी सरळ फ्रिजमध्ये रिकामी केली आणि मोठे शहाणपण केल्याच्या समाधानात झोपी गेले. चार दिवसांनी पाहते तो साली काळ्या ठिक्कर आणि फळे दगडासारखी! बाहेर काढून ठेवली, तरी धड पिकली नाहीत. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, थंडी बाधली त्यांना. फळं रुसली तुझ्यावर."

त्यांचे बोलणे किती खरे होते, ते पुढे कळले. झाडावरून उतरले म्हणजे फळ मेले, असे नाही. त्याचा श्वास चालूच असतो, आणि कित्येक फळे तर घरी आल्यावरच पिकतात. पिकताना त्यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो व तो शेजारच्या फळांनाही पिकायला लावतो. सफरचंदातून हा वायू निघतो, हे १९३४ साली इंग्लंडमध्ये आर. गेन या शास्त्रज्ञाने सिद्ध केले. आपल्या कोकणातली अढी याच तत्त्वावर चालते. भाताच्या पेंढ्यात आंबे थराथराने मांडले की ऊब आणि वायू दोन्ही कोंडून राहतात!

तेव्हा भगिनींनो, फळे घरी आली की आधी एकच प्रश्न विचारावा : याला अजून पिकायचे आहे काय?

सीताफळ, चिकू, केळी, आंबा, पपई ही पिकायची फळे. ती कच्ची असेतोवर बाहेरच ठेवावीत. घाई असेल तर कागदी पिशवीत त्यांच्यासोबत एखादे पिकलेले केळे ठेवावे. घाई नसेल तर पिकलेले फळ लगेच बाजूला काढावे. सीताफळ, चिकू पिकून मऊ झाले, की मग एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. केळ्याला मात्र १३ अंशांखालची थंडी सोसत नाही आणि घरचा फ्रिज असतो ४-५ अंशांवर. केळ्यांची फणी हवेशीर जागी टांगावी, हे उत्तम.

संत्री, मोसंबी, डाळिंबे, द्राक्षे यांची गोष्ट वेगळी. तोडल्यावर त्यांची गोडी वाढत नाही. म्हणून ती घेतानाच पारखून घ्यावीत. संत्री, मोसंबी आठवडाभर टोपलीत राहतात, डाळिंब त्याहूनही टिकते. द्राक्षे मात्र फ्रिजमध्येच बरी. सफरचंदही फ्रिजमध्ये चांगले टिकते, पण त्याचा वायू फार. त्याला पालेभाजीपासून दूर ठेवावे, नाही तर भाजी पिवळी पडते.

आणखी दोन गोष्टी. फळे आणल्या आणल्या धुऊन ठेवू नयेत. ओलाव्याने बुरशी धरते. खायच्या वेळीच धुवावीत. द्राक्षांवरची पांढुरकी साय नैसर्गिक असते, तीही तोवर राहू द्यावी. दुसरे असे, की थंडगार फळाचा वास आणि गोडी जिभेला पुरती कळत नाही. पाहुण्यांपुढे बशी ठेवण्यापूर्वी अर्धा तास फळे बाहेर काढावीत. एवढ्याने किती फरक पडतो, ते करूनच पाहावे.

पुढच्या वर्षी भावाने पुन्हा करंडी आणली. या खेपेस मी फळे सुती कापडावर एकेक करून मांडली आणि रोज सकाळी हलक्या हाताने चाचपून पाहिली. तिसऱ्या दिवशी पहिले फळ बोटाला मऊ लागले. ते मी सासूबाईंच्या हाती दिले. त्यांनी ते उकलले, एक गर तोंडात घातला, बी बशीत काढली आणि म्हणाल्या, "भावाला कळव. रुसवा गेला म्हणावं."